ताटाची डावी बाजू: पक्षाघातानंतर घरी सराव कसा करून घ्यायचा

माझे वडील, अण्णा, एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होते. निवृत्तीनंतरही रोज पहाटे कराडला प्रीतिसंगमापर्यंत चालत जाऊन यायचे. ‘चालणाऱ्या माणसाला काय होतंय’ हे आमचं घरगुती शास्त्र, आणि त्याच शास्त्राच्या जोरावर त्यांनी बीपीची गोळी परस्पर बंद केली होती. फेब्रुवारीतल्या एका सकाळी फिरून आले, चहाला बसले आणि डाव्या हातातली बशी कलंडली. चहा लेंग्यावर सांडत होता आणि त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

पुढचे सहा महिने आम्ही जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. मी डॉक्टर नाही. औषधं आणि व्यायामाची मात्रा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची. पण घरातल्या माणसांनी काय करायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही, हे आम्हाला कोणी एका जागी बसून सांगितलं नव्हतं.

१. ओळखा आणि घड्याळ बघा

तोंड एका बाजूला ओढलं जाणं, दोन्ही हात पुढे धरायला सांगितले की एक खाली घसरणं, बोलणं जड होणं. यातलं एक जरी अचानक झालं तरी १०८ ला फोन. अचानक तोल जाणं किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं हीसुद्धा लक्षणं आहेत. पाच-दहा मिनिटांत सगळं आपोआप ठीक झालं, तरी जायचंच. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

लगेच वेळ लिहून ठेवा. दवाखान्यात पहिला प्रश्न हाच असतो: शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत? झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल, तर रात्री झोपायला गेले ती वेळ सांगायची. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी नळी घालून काढायची सोय काही मोठ्या रुग्णालयांत असते. ती पहिल्या सहा तासांत करतात, आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही.

आम्ही काय केलं? शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘अंगावरून वारं गेलंय, आधी कोमट तेल लावा.’ मग ओळखीचे डॉक्टर उघडेपर्यंत थांबलो. त्यांनी पाठवलं त्या दवाखान्यात सीटी स्कॅन नव्हता. जिथे होता तिथे पोचलो तेव्हा पाच तास उलटून गेले होते. इंजेक्शनची वेळ गेली होती.

म्हणून आजच एक काम करा. तुमच्या गावापासून सर्वांत जवळ, चोवीस तास सीटी चालू असलेलं रुग्णालय कोणतं, ते विचारून फ्रिजवर लिहून ठेवा.

या वेळात तीन गोष्टी टाळा. पाणी किंवा चहा पाजू नका, गिळणं बिघडलेलं असलं तर ते श्वासनलिकेत जातं. घरातली अ‍ॅस्पिरिन देऊ नका, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटीशिवाय कळत नाही आणि रक्तस्राव असेल तर ती गोळी घात करते. आणि बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका.

२. पिशवीत काय घ्यायचं

- चालू औषधांच्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते सगळ्यात आधी सांगा.
- जुने ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट, साखर-बीपीची वही.
- आधार आणि रेशन कार्ड, मूळ आणि दोन-दोन झेरॉक्स.
- विम्याचं कार्ड असेल तर ते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतलं रुग्णालय असेल तर दाखल होतानाच आरोग्यमित्राला (योजनेचा तिथला मदतनीस) गाठा आणि कोणते उपचार योजनेत बसतात ते विचारा. बिल झाल्यावर विचारून उपयोग होत नाही.
- चष्मा, दातांची कवळी, कानाचं यंत्र. या तीन वस्तूंशिवाय माणूस आहे त्याहून जास्त गोंधळलेला दिसतो.

३. दवाखान्यातले पहिले दिवस

इथे दोन टोकाचे नातेवाईक असतात. एक म्हणतो ‘पडून राहू दे, विश्रांती लागते’, दुसरा म्हणतो ‘आत्ताच चालवा, नाहीतर अंग आखडेल’. आमच्या घरी दोघेही होते. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या चाचणीत २,१०४ रुग्ण होते. त्यातल्या ज्यांना पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि जास्त वेळ उठवलं, त्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती इतरांपेक्षा थोडी कमीच चांगली निघाली. तेव्हा पहिल्या दिवशी धडपड नको. पण डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की थोडा थोडा वेळ बसवणं, उभं करणं सुरू व्हायला हवं. पडून राहण्याने फुफ्फुसात कफ साचतो आणि पोटरीत गुठळ्या होतात.

तुमच्या हातात असलेली कामं:

दर दोन तासांनी कूस बदलणं. अधू हात उशीवर टेकवून ठेवणं, लोंबकळू न देणं. आणि माणसाला उठवताना त्या हाताला कधीही न ओढणं. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, हाडाचा गोळा खोबणीतून खाली सरकतो. आमच्या एका हौशी पाहुण्याने ‘चला अण्णा, उठा’ म्हणत काखेत हात घालून उचललं. तो खांदा पुढे चार महिने दुखला. हाताची बोटं हलायला लागली होती, पण दुखतंय म्हणून अण्णा हात हलवायचे नाहीत. पाय वेळेत सुधारला, हात मागे पडला, त्याचं निम्मं कारण हा खांदा.

खायला देण्याआधी गिळण्याची तपासणी झाली का, ते नर्सला विचारा. पाणी पिताना ठसका लागला किंवा नंतर आवाज ओला-घरघरता झाला, तर थांबा आणि सांगा.

४. घरी आणण्याआधी

पलंग असा ठेवा की दार, टीव्ही, येणारी-जाणारी माणसं अधू बाजूला येतील. पहिले काही दिवस त्यांना त्रास होतो, चिडतातही. पण सगळं चांगल्या बाजूला ठेवलं तर दुसरी बाजू विसरूनच जातात. अण्णांच्या मेंदूच्या उजव्या भागाला इजा होती, त्यामुळे डाव्या बाजूचं जगच त्यांच्यासाठी पुसलं गेलं होतं. जेवायला वाढलं की भाजी, आमटी, भात संपायचा आणि चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच. आईला वाटलं चव गेली. चव नव्हती गेली, ताटाची डावी बाजूच त्यांना दिसत नव्हती. डोळे ठीक होते, मेंदू तिकडे बघत नव्हता. दाढीही उजव्या गालापर्यंतच व्हायची.

उपाय फिजिओथेरपिस्टने सांगितला. आईने ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. नियम एकच: आधी लाल पट्टी शोधायची, मग पहिला घास. ताट फिरवून द्यायचं नाही.

खरेदीची यादी छोटी आहे: संडास-बाथरूममध्ये भिंतीला पक्के दांडे, नळाला धरून उठायची सवय नको. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची. बाथरूममध्ये रबरी चटई, आणि बाकी घरातली सगळी पायपुसणी व सतरंज्या उचलून माळ्यावर. मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, कारण साधी सपाता अधू पायातून निसटते आणि माणूस पडतो. हात असलेली भक्कम खुर्ची. दंडाला बांधायचं बीपी मशीन. व्हीलचेअर आणि हवेची गादी भाड्याने मिळते, विकत घ्यायची घाई करू नका.

५. फिजिओथेरपिस्ट

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. नंतर वेग कमी होतो, थांबत मात्र नाही. म्हणून ‘जरा ताकद येऊ दे, मग बघू’ हे सगळ्यात महागात पडतं. मेंदूच्या रुग्णांचा अनुभव असलेला शोधा आणि पहिल्याच दिवशी विचारा: या महिन्याचं उद्दिष्ट काय? तुम्ही नसताना आम्ही दिवसभर काय करून घ्यायचं? काय अजिबात करायचं नाही?

वीस मिनिटं करंटची मशीन लावून, हातपाय हलवून कोणी निघून जात असेल, तर ते पुरेसं नाही. रुग्णाने स्वतः प्रयत्न केला पाहिजे, दुसऱ्याने हलवलेला हात मेंदूला फारसं काही शिकवत नाही.

उलट बाजूही सांगतो. भारतातल्या १४ रुग्णालयांत एक अभ्यास झाला, २०१७ मध्ये तो लॅन्सेटमध्ये आला. त्यात नातेवाइकांना शिकवून घरी व्यायाम करून घेतला, पण नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. म्हणजे घरचे हे थेरपिस्टची जागा घेऊ शकत नाहीत. मी पुढे जे लिहितोय ते त्याच्या जागी नाही, त्याच्या जोडीला आहे.

६. बाकीचा दिवस

थेरपिस्ट चाळीस मिनिटं यायची. उरलेला दिवस अण्णा आईच्या ताब्यात. आणि आईची सेवा म्हणजे काय विचारता! पाणी तोंडापाशी, घास भरवायचा, सदऱ्याची बटणं लावून द्यायची. ‘मी आहे ना, त्यांना कशाला त्रास.’ तीन आठवड्यांनी थेरपिस्ट हसत म्हणाली, ‘काकू, काकांचा व्यायाम तुम्हीच करताय.’ आई दुखावली. पण त्या दिवसापासून घराचा नियम बदलला: जे त्यांना दहा मिनिटांत जमतं, ते आपण एका मिनिटात करून द्यायचं नाही. पडणार नाहीत एवढं बघायचं आणि हात मागे बांधून उभं राहायचं. हे फार अवघड आहे. मी तर मोबाइल काढून बसायचो, म्हणजे हात पुढे जायचे नाहीत.

थेरपिस्टने अण्णांना त्यांच्याच भाषेत समजावलं: ‘काका, पूल पडला की एसटी दुसऱ्या गावावरून वळवतात ना? वेळ लागतो, पण गाडी रोज गेली तर तो रस्ता चालू राहतो.’ अण्णा म्हणाले, ‘पॅसेंजर नसले तर महिन्यात बंद करतात.’ तेवढं त्यांना पटलं.

आमच्या घरी चाललेला सराव:

*खुर्चीतून उठणं-बसणं.* सगळ्यांत मोलाचा व्यायाम हाच. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, दोन्ही टाचा टेकलेल्या, नाक गुडघ्यांच्या पुढे येईल इतकं वाकायचं, मग उठायचं. सुरुवातीला खुर्चीवर दोन उश्या घालून उंची वाढवली. पाच-पाच वेळा, दिवसातून तीनदा. उशी एक-एक करून काढली. माणूस चांगल्या पायावरच भार देऊन उठतो, तिकडे लक्ष ठेवा.

*पलंगावर कंबर उचलणं.* उताणं झोपून गुडघे दुमडायचे, कंबर वर, पाच अंक मोजून खाली. अंक मोठ्याने मोजायचे, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. श्वास रोखून जोर लावला की बीपी चढतं.

*लाटणं.* कणकेचा गोळा, पोळपाट, दोन्ही हात लाटण्यावर, अधू हाताची बोटं आपण वळवून बसवायची. कोपर सरळ होईपर्यंत पुढे ढकलायचं. पोळी कुठल्या तालुक्याच्या नकाशासारखी झाली तरी चालेल. टेबल पुसणं हाही तसाच व्यायाम.

*चिल्लर.* हा आमचा शोध. एका ताटलीत एक, दोन, पाच, दहाची नाणी मिसळून ठेवायची, डाव्या हाताने वेगळी करायची. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात चार नाणी. एकतीस वर्षं ज्या बोटांनी न बघता सुटे काढून दिले, त्यांना दोनचं नाणं उचलता येईना. अण्णा त्या दिवशी ताटली लोटून देऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. चौथ्या महिन्यात ती नाणी पिशवीत घातली आणि न बघता, नुसत्या स्पर्शाने ओळखायची पैज लावली. पाचात आणि दहात अजून चुकतात. तुमच्या घरच्या माणसाच्या हाताला आयुष्यभर जे काम होतं, त्यातलंच काहीतरी शोधा: गवार निवडणं, शिलाईचं कापड घडी करणं, वाती वळणं.

*कपडे.* सदरा घालताना आधी अधू हात, काढताना शेवटी अधू हात.

सापळे दोन. पहिला, रबरी चेंडू. भेटायला आलेला प्रत्येक जण एक आणून देतो. मूठ आवळणारे स्नायू आधीच ताठरलेले असतील तर चेंडू दाबून ते आणखी ताठरतात. अवघड असतं ते मूठ उघडणं, सराव त्याचा हवा. दुसरा, मालिश. हलक्या हाताने तेल लावायला कोणाची ना नाही, पण खांदा खेचणारा मालिशवाला नको, आणि पोटरी सुजून गरम लागत असेल तर तिला हातही लावू नका, आधी डॉक्टर. पारव्याचं रक्त चोळणं, अमक्या गावचं झाडपाल्याचं औषध, हे सुचवणारे भेटतीलच. त्यातला खरा तोटा पैशाचा नसतो, त्या पहिल्या महत्त्वाच्या आठवड्यांचा असतो.

७. चालणं, काठी, जिना

काठी चांगल्या हातात धरायची. अधू बाजूला धरलेली काठी टेकूच देत नाही. क्रम असा: काठी पुढे, मग अधू पाय, मग चांगला पाय. सुरुवातीला चार पायांची काठी बरी. सोबत चालणाऱ्याने अधू बाजूला, अर्धं पाऊल मागे राहायचं.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी.

पावलाचा पुढचा भाग खाली लोंबून जमिनीला घासत असेल, तर पावलाला आधार देणारा स्प्लिंट मिळतो. तो लावायला अण्णांनी महिनाभर नकार दिला, ‘लंगडा दिसतो’ म्हणून. उंबऱ्याला अडखळून पडल्यावर स्वतःच मागितला.

८. कधी थांबायचं

व्यायामाआधी पाच मिनिटं शांत बसवून चांगल्या हातावर बीपी बघायचं. आम्हाला १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, अशी मर्यादा दिली होती. तुमची मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्या. छातीत दुखणं, चक्कर, अचानक तीव्र डोकेदुखी, धाप लागणं, नव्याने अशक्तपणा वाटणं: लगेच थांबा. यातलं काही पहिल्या झटक्यासारखं वाटलं तर पुन्हा पायरी १.

ज्यांचं बीपी चढतं त्यांनी शीर्षासन आणि श्वास कोंडून धरण्याचे प्राणायाम विचारल्याशिवाय करू नयेत. शवासन, साधा दीर्घ श्वास चालतो.

९. दुसरा झटका येऊ नये म्हणून

चालण्याने बीपी, साखर, वजन सगळ्यालाच मदत होते, पण चालणं गोळीची जागा घेत नाही. अण्णांची नेमकी चूक ही. पक्षाघाताच्या कारणांत उच्च रक्तदाब सगळ्यांत वरचा आहे आणि तो दुखत नाही, म्हणून गोळी सुटते. पक्षाघात झालेल्यांत बीपी सहसा १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात. रक्त पातळ करणारी गोळी दात काढायच्या आधीसुद्धा स्वतःहून बंद करायची नाही.

चालण्याचं माप: निरोगी प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगते. पक्षाघातानंतर ज्यांना झेपतं त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना आठवड्यातून चार वेळा किमान दहा-दहा मिनिटांपासून सुरुवात करायला सांगतात. मध्यम म्हणजे किती? चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, पण अभंग म्हणता येऊ नये. टीव्हीसमोर सलग बसू देऊ नका, दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं उभं करा. जाहिराती त्यासाठीच असतात.

मीठ दिवसाला घरचा एक सपाट चहाचा चमचा, त्यात लोणचं, पापड, शेवसुद्धा धरून. तंबाखू आणि मशेरी पूर्ण बंद. नाडी बेताल लागत असेल तर डॉक्टरांना सांगा, हृदयाच्या बेताल ठोक्यांमुळे गुठळी होते आणि त्याचं औषध वेगळं असतं.

१०. मन

साधारण तीनातल्या एका रुग्णाला नैराश्य येतं. आम्ही ते आळस समजलो. दुसऱ्या महिन्यात अण्णा व्यायामाला नाही म्हणायला लागले, जेवण कमी झालं, पहाटे तीनलाच जागे. डॉक्टरांना सांगितल्यावर गोळी सुरू झाली आणि काही आठवड्यांनी चिल्लरची ताटली पुन्हा मागितली. उगाच रडणं किंवा हसणं आवरत नसेल तर तेही मेंदूच्या इजेमुळे असू शकतं, माणसाला रागावू नका.

११. कागद

अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्डासाठी (अपंगत्वाचं ओळखपत्र) केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा: आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही किंवा अंगठा, डिस्चार्ज कार्ड, सीटी किंवा एमआरआयचा रिपोर्ट. मग सरकारी रुग्णालयात तपासणी. बऱ्याच सवलतींना ४० टक्के अपंगत्वाची अट असते. आम्ही दुसऱ्याच महिन्यात जाऊन हेलपाटा घातला. सुधारणा चालू असते, सहा महिन्यांनी या, म्हणाले.

उजवा हात गेला असेल तर बँकेत आधी जा, सही जुळत नाही म्हणून पैसे अडकतात. पेन्शनरांचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या काढता येतो.

१२. घरातले बाकीचे

बीपी मशीन घरात आलं तेव्हा पहिल्या दिवशी गंमत म्हणून सगळ्यांनी दंड पुढे केले. अण्णांचं १३४ आलं. माझं, वय ४६, १५२/९६. दोन आठवडे रोज मोजून वही डॉक्टरांकडे नेली. आता सकाळी आई दोन गोळ्या दोन वाट्यांत काढून ठेवते आणि माझी वाटी अण्णा डाव्या हाताने सरकवतात.